अण्णांच्या डब्यातली चकती

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. अण्णा असे ऐकायला लागले की चामराजपेटेतल्या त्यांच्या चिमुकल्या गॅरेजात गिऱ्हाइकंसुद्धा गप्प व्हायची. बाहेर रिक्षा कोकलत असायच्या आणि अण्णांचा चेहरा मात्र जेवून डुलकी लागलेल्या माणसासारखा. मग डोळे उघडून म्हणायचे, "काय नाही झालंय. तहान लागलीय हिला." म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय.

अण्णा मूळचे निपाणीचे. मराठी आणि कन्नड एकाच घासात. माझे बाबा कारखान्यात मोठे इंजिनिअर, पण मोटरसायकलचा प्रश्न आला की अण्णांपुढे हाताची घडी घालून उभे. मी पेट्रोलच्या टाकीवर बसून यायची तेव्हापासून अण्णा मला "अक्का" म्हणत. कसला रुबाब वाटायचा!

गाडीतून काढलेली वस्तू ते कधी फेकत नसत. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, वर खडूने मालकाचं नाव. भिंतभर डबे. "अण्णा, हे भंगार कशाला सांभाळता?" मी एकदा चिडवलं. "माणूस आज नको म्हणतंय, अक्का. उद्याचं त्यालाच कुठं ठाऊक असतंय?"

बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मल्लेश्वरमला आमच्या गल्लीच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तिच्या सायलेन्सरमधून फट् फट् असा आवाज यायचा. बाबा आले, हे घरात त्यावरूनच कळायचं. आता संध्याकाळी मी ऑफिसातून आले की तो आवाज ऐकून आई डुलकीतून उठायची, लगबगीने दार उघडायची आणि मला बघून क्षणभर तशीच उभी राहायची. तो क्षण मला सोसवेना. मी तडक अण्णांकडे गेले.

अण्णांनी ऐकून घेतलं. "धुरात उरलेलं पेट्रोल जळावं म्हणून ताजी हवा सोडणारी नळी असते. तिथंच फटफटतंय. पण बाहेरच्या हवेसाठी ती बरी असते. काढायची नसते, नियमातबी बसत नाही."

"अण्णा, माझ्यासाठी काढा."

त्यांनी सुस्कारा सोडला. नळी काढली. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची चकती कापली, कानशीने घासून गुळगुळीत केली आणि इंजिनावरच्या भोकावर स्क्रूने घट्ट बसवली. दुसऱ्या टोकाला रबरी बूच. नळी डब्यात गेली आणि डब्यावर त्यांनी नाव घातलं ते बाबांचं. "स्वल्प दिवस बघ राहून," एवढंच म्हणाले.

गाडी उतारावरून मांजरीसारखी यायला लागली. मी खूश! पण आई दाराशी येईना. मी किल्लीने दार उघडून आत जायची, तर ती खुर्चीत बसून बाहेरच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडाकडे बघत असायची. चहा गार झालेला. जेवण दोन घासांवर आलं. पंधरा दिवसांनी तिने विचारलं, "गाडी विकलीस होय गं?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, "तूच येतेस हे मला कळतं गं. वेडी नाही झाले मी. पण आवाज आल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ असतो ना, तेवढा मला पुरतो."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात शिरले तर अण्णांनी काही न विचारता डबा खाली काढला. नळी परत बसली. निघालेली चकती त्यांनी फुंकर मारून पुसली आणि त्याच डब्यात ठेवली.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि अण्णा निपाणीला परत निघाले. जाण्याआधी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून ज्याचा त्याला डबा दिला. माझ्या डब्यात ती चकतीच होती. "लागली तर आसू दे," म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांचेच डोळे भरून आले.

गेल्या वर्षी आई गेली. चकती अजून डब्यातच आहे. संध्याकाळी उतारावर गाडी फट् फट् करते आणि मग मी आमच्या बंद दाराकडे जाणारा जिना अगदी सावकाश चढते.