मरियामातेचा पाय

आमच्या सदर भागातलं चॅपेल पुन्हा प्रार्थनेसाठी उघडलं, त्या दिवशी सगळे आनंदात होते. माझ्या आईला मात्र त्या दिवशी तिचा मुलगा दुसऱ्यांदा गमवावा लागला.

इंग्रजांच्या काळात पलटणीसाठी बांधलेलं ते विटांचं लहानसं चॅपेल. पलटण गेली, छप्पर गळू लागलं आणि प्रार्थना थांबली. मग तिथे गांधीबागेच्या बाजारातल्या कुणा व्यापाऱ्याच्या कापडाच्या गाठी येऊन पडल्या. बंद होताना आतल्या वस्तू घराघरांत सांभाळायला दिल्या होत्या. कुणी घंटा नेली, कुणी क्रूस. माझ्या वडिलांनी मरियामातेची लाकडी मूर्ती गोणपाटात गुंडाळून सायकलवरून घरी आणली. ती स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी विराजमान झाली.

आई भाकरी थापताना तिच्याशी बोलायची. तिखट महागलं, नळाला पाणी आलं नाही, सगळं सांगायची. वडील चिडवायचे, "माह्याशी कधी बोलली काय वं एवढी?"

मग माझा धाकटा भाऊ टायफॉइडनं अंथरुणाला खिळला. आई मूर्तीचा पाय धरून रडली, भांडली. भाऊ गेला. तरी रोज चूल आवरली की ती ओल्या हातानं तोच पाय धरायची आणि भावाचं नाव घ्यायची. वर्षानुवर्षं. पायाचा रंग उडाला, बोटं झिजली, तिथे खळगा पडला.

सत्तर सालानंतर कधीतरी गाठी हलल्या, चॅपेल परत मिळालं. फादर वस्तू मागायला आले. आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "न्या. तिचं घर हाय थे."

वडील सुतार. बाक त्यांनीच केले आणि मूर्तीही हट्टानं स्वतःकडे घेतली. चॅपेलच्या जुन्या फोटोतल्यासारखी करायची होती. त्यांनी ती पॉलिश पेपरनं घासली, खळगा लांबीच्या लगद्यानं बुजवला, पायाला नवी बोटं कोरून बसवली, वर निळापांढरा रंग चढवला. मला ताकीद होती, आईला सांगायचं नाही. "तुही माय पाहीन तं खूश होईन." बायकोच्या दुःखावर असा गुळगुळीत उपाय एखाद्या सुतारालाच सुचावा. पण इतक्या मायेनं काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चॅपेलमधल्या पहिल्या प्रार्थनेला, मिस्साला, आई लवकर गेली. मूर्तीपुढे गुडघे टेकले, सवयीनं हात पुढे केला. बोटं पायावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. तिनं हात मागे घेऊन पदरात लपवला. मला तेव्हा त्या रंगाचा, त्या फोटोचा, सगळ्या चॅपेलचाच संताप आला.

"काय झालं वं?" वडिलांनी मागून विचारलं. त्यांच्या हातात तिच्यासाठी आणलेली मेणबत्ती होती.

आई मूर्तीकडेच पाहत म्हणाली, "हिले आपलं पोरगं मालूम नाही, अजी."

वडिलांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि घंटा वाजायच्या आत ते बाहेर निघून गेले.