काकीच्या गायीची फॅट

नोकरी पुण्यातल्या कंपनीची, पण बसायला पाथर्डीजवळचं आमचं गाव, त्यामुळे मी स्वतःला गावाचा संगणकतज्ज्ञ समजत असे. डेअरीच्या सचिवांनी दूध मोजायच्या मशीनसाठी प्रोग्राम मागितला, तेव्हा मी तो फुकटात आणि फुशारकीत लिहून दिला.

मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ती मोठी समजूतदार. कुठला आकडा मेमरीत कुठे ठेवायचा हे ती स्वतः बघते. आपण लुडबूड करू नये, एवढीच तिची अपेक्षा. पण मशीनमधून आकडे ठरलेल्या क्रमानं येत होते. तोच क्रम जसाच्या तसा मेमरीत उतरवला तर काम सुटसुटीत होईल, असं मला वाटलं. मी भाषेला बाजूला केलं आणि कुठला रकाना कितव्या बाइटपासून, ते हातानं लिहून टाकलं. दुसऱ्या किटलीच्या लिटरचा रकाना शेवटी घाईत जोडला. गावात बहुतेकांची एकच किटली, म्हणून तपासणीही एकाच किटलीवर उरकली.

माझी सख्खी चुलती मात्र दोन किटल्या आणते. मोठीत गायीचं दूध, छोटीत म्हशीचं.

आठवडाभरात काकीच्या गायीची फॅट दीडवर आली. गायीच्या दुधाला साडेतीनच्या वर लागते. दीड म्हणजे सरळ पाणीच. पावतीवरचा आकडा बाहेरच्या पाटीवरही लाल दिव्यांत उमटतो, तो सगळ्या रांगेनं वाचला. लग्न होऊन आल्यापासून इथंच दूध घालणाऱ्या बाईला सचिव म्हणाले, "काकी, आठ दिस बघतो, न्हाईतर दूध बंद करावं लागंल." मीही, सांगायला लाज वाटते, तिला हळूच विचारलं, "किटली धुतल्यावर आत पाणी राहतं का गं?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चहा न पिताच उठलो.

चौथ्या दिवशी सकाळी ती पावत्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात हजर.

"हे बघ. म्हशीनं दीड लिटर दिलं, गायीची फॅट दीड. म्हशीनं दोन दिलं, फॅट दोन. परवा रेडकू समदं पिऊन गेलं, छोटी किटली नेलीच न्हाई, तर फॅट तीन नऊ! आरं, तुझं मशीन म्हशीचं माप गायीच्या नावावर लिवतंय!"

मी लॅपटॉप उघडला. दोन रकान्यांपुढे एकाच बाइटचा आकडा! दुसरी किटली आली की तिचे लिटर गायीच्या फॅटवर जाऊन बसत. भाषेनं हूं की चूं केलं नव्हतं. मीच तिला बाजूला केलं होतं, ती कशाला बोलेल? मला हसू फुटलं, काकीलाही फुटलं. पायरीवर बसून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मला जे दिसलं नाही ते तिनं शोधलं, याचा मला खरंच फार आनंद झाला.

दुपारपर्यंत मी हातानं घातलेले सगळे आकडे काढले आणि भाषेचं काम भाषेला परत दिलं. संध्याकाळी काकी दोन्ही किटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. पाटीवर तीन आठ उमटले. मी पुढे होऊन म्हणालो, "प्रोग्राममध्ये माझी चूक झाली होती."

"तसं नगं," काकी म्हणाली. "पानी न्हवतं, असं म्हन."

"काकीच्या दुधात पाणी नव्हतं."

रांग हसली, सचिवांनी हात जोडले. काकीनं मात्र पदर खोचला आणि मला परत म्हणायला लावलं, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं.