कमलताईंचं स्टूल

परवा पनवेलच्या नाट्यगृहात दिवे लावले आणि तापलेल्या काचेवरच्या धुळीचा वास आला. दौऱ्यावरच्या नाटकाची प्रकाशयोजना मी कित्येक वर्षांपूर्वी पहिल्यांदा एकट्याने सांभाळली, ती इथेच.

दिग्दर्शकांनी बजावलं होतं, "आज चुकलास तर उद्यापासून घरी." इथले दिवे पुण्यापेक्षा बरेच खाली टांगलेले. म्हणून मी सगळे झोत नव्याने साधले, तेही रंगमंचावर स्वतःच उभा राहून, माझ्याच चेहऱ्याच्या उंचीला. देवाने मला अकलेपेक्षा उंची जास्त दिली आहे. आईचं काम करणाऱ्या कमलताई जेमतेम माझ्या खांद्याला लागायच्या, हे डोक्यात आलंच नाही.

शेवटच्या प्रवेशात झोत पडला तो ताईंच्या अंबाड्यावर. चेहरा काळोखात. ताईंनी शांतपणे स्टूल ओढलं, माळ्यावरचा डबा काढायला चढावं तशा चढल्या आणि घर सोडून निघालेल्या मुलाशी तिथूनच बोलल्या. पुढच्या रांगेत रुमाल निघाले.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, "ही स्टुलाची कल्पना कुणाची?"

"माझीच. सुचली आयत्या वेळी," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "उद्या दिवे साधताना मला हाक मार रे बाबा. माझे गुडघे दुखतात."

आता माझेही दुखतात. शिडी चढताना कळतं, त्यांनी माझ्यासाठी काय केलं होतं.