नाल्याच्या तोंडाशी घर नको म्हणजे नको

मंडळी, आज भोकरजवळच्या आमच्या गावात मी जेसीबीसमोर आडवी उभी राहिले.

धाकटा भाऊ विनोद डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याच्या तोंडावर घर बांधायला निघालाय. मी लातूरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. अर्धवट खोदलेला पाया वाकून पाहिला. लाल मातीत म्हशीएवढे दगड अस्ताव्यस्त रुतलेले!

"ताई, दगड लागला. पाया पक्का हाय," विनोद खुशीत म्हणाला.

"हे दगड इथले न्हाईत रे. हजारो वर्षांमागं कोरड्या काळात हे वरच्या उतारावर साचले. मग हवामान पालटलं, पाऊस वाढला आणि नाल्यानं सगळं चिखलासकट इथं आणून टाकलं."

"तवाचं तवा गेलं!"

"आता पाऊस कसा कोसळून राहिलाय, बघतोस ना? नाला परत असेच दगड आणंल. मी इथून हलत न्हाई."

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. विनोद रागानं निघून गेला. संध्याकाळी आईचा फोन आला, "जागा बदलतो म्हणतोय, पर तुझ्याशी बोलणार न्हाई म्हणं."

नाही बोलला तरी चालेल. त्या घरात माझी भाचरं झोपणार होती. गरज पडली तर उद्याही उभी राहीन.

तुमच्या घराखालची माती कुठून आली, कधी विचारलंय?