एव्हारिस्ताची आरोळी

एव्हारिस्ता कासियानीला भूल देऊन झोपवणं कार्ताहेना शहरातल्या कुठल्याही डॉक्टरच्या बापाला जमणार नव्हतं. मागे गळ्यातली गाठ काढताना ती गुमान झोपली होती, आणि उठली ती आवाज गमावूनच. एक स्वरतंतू लुळा पडला होता. बोलायला गेली की नुसती हवा फुसफुसायची.

चाळीस वर्षं डोक्यावर फळांचं घमेलं घेऊन तिने शहरातल्या हेत्सेमानी वस्तीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. पालेंके गावाहून फळं विकायला येणाऱ्या बायकांत प्रत्येकीची आरोळी वेगळी. एकीची दुसरी उचलत नाही. एव्हारिस्ताच्या आरोळीचं शेपूट लांबलचक. तिसऱ्या मजल्यावरची बाई चुलीवरचा भात उतरवून बाल्कनीत येईपर्यंत ते चालायचं. आवाज गेल्यावर भाचीने बॅटरीवरचा कर्णा आणून दिला, तर या बाईने त्यात माती भरून कोथिंबीर लावली.

डॉक्टर पिनेडो तरुण, पण समजूतदार. म्हणाले, "मावशी, लुळ्या तंतूत इंजेक्शन देऊन तो फुगवू, म्हणजे दुसऱ्याला टेकेल. पूर्ण भूल देतो. तुम्ही हललात तर सुई भलतीकडे जाईल."

"आणि आवाज कसा झाला ते कोण ऐकणार? तुम्ही?" ती फुसफुसली. "कधी पपई घेतलीत माझ्याकडून?"

"जागेपणी त्रास होतो हो. खोकला येतो, मळमळतं."

"चार बाळंतपणं जागेपणीच काढलीत. घसा तेवढा बधिर करा. हलले तर नाव बदला माझं."

झोपलेला पेशंट तक्रार करत नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण इथे डॉक्टरांचं काही चालेना. त्यांनी कडू औषधाने घसा बधिर केला, नाकातून कॅमेरा घातला आणि गळ्याच्या पुढच्या बाजूने सुई टोचली. एव्हारिस्ताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान तसूभर हलली नाही.

सुई काढून डॉक्टर म्हणाले, "आता 'ई' म्हणा."

स्वच्छ 'ई' उमटला. नर्सने टाळी वाजवली. "झालं की!" डॉक्टर खूश झाले.

"मी काय 'ई' विकते?" म्हणत एव्हारिस्ताने आपली आरोळी ठोकली. शेपूट निम्म्यावरच विझलं. "भाताला अजून हातसुद्धा लागला नाही तिसऱ्या मजल्यावरचीचा. आणखी घाला."

"जास्त भरलं तर आवाज घोगरा होईल, मावशी. आत्ता किती गोड आहे!"

"गोड पपई असावी. घाला म्हणते ना!"

डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. दोन तंतूंमध्ये बारीकशी फट अजून होती. ते पुन्हा सुईकडे वळले.

दुसऱ्यांदा आरोळी निघाली ती खरखरीत, पण लांबतच गेली. बाहेर बाकांवर बसलेली माणसं उठून दाराशी आली.

"आवाज फाटला हो, मावशी," डॉक्टर हळहळले.

"फाटू दे," एव्हारिस्ता म्हणाली. "झोपून गोड आवाजात उठले असते ना, तर खुशीने तुमचे पाय धरले असते, आणि जन्मभर पहिल्या मजल्यापुरतंच विकत राहिले असते."