मशीनसाठी कालवलेला माल

नागपूरच्या उन्हात ओतलेलं काँक्रीट किती कच्चं राहतं, या विषयावर मी पीएचडी करत होते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत साइटवरून क्यूब येत, म्हणजे काँक्रीटचे छोटे ठोकळे. मशीनमध्ये दाबून ते फोडायचे, आकडा लिहायचा, खाली सही करायची. त्या सहीच्या भरवशावर ठेकेदार सेंट्रिंग काढत, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचे टेकू.

मे महिन्यात धरमपेठेतल्या एका साइटवरच्या छज्ज्याचे तीन क्यूब आले. मशीनचा काटा चढतच गेला. इतक्या उन्हात असा आकडा शक्यच नव्हता, हे मला तिथंच कळलं. पण माझा पहिला विचार काय होता, ते लिहायलाही लाज वाटते. माझा आलेख बिघडला म्हणून मी चिडले. त्या काँक्रीटखाली कुणी बसेल, हे डोक्यातच आलं नाही. शंका आली की साइटवर जाऊन पाहायचं असतं. बाहेर नुसती आग ओतत होती. ‘निष्कर्ष आणून दिलेल्या नमुन्यापुरताच’ हे वाक्य रिपोर्टात छापलेलं असतं. त्याच्या आड लपून मी सही ठोकली आणि कूलरसमोर जाऊन बसले.

रिपोर्ट मिळताच ठेकेदाराने छज्ज्याची सेंट्रिंग काढली. दुपारी एक मजूर बाई त्या छज्ज्याखाली डबा उघडून बसली. दुसरी सावली नव्हतीच तिथं. छज्जा तिच्या अंगावर आला आणि ती जागीच गेली. मला हे पेपरातून कळलं.

पंधरवड्याने तिचा नवरा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. त्याच साइटवरचा मिस्त्री. वाटलं, आता हा शिव्या घालणार. घालाव्यात असंच वाटत होतं. त्याने चपला बाहेर काढल्या, गाठोडं सोडलं आणि छज्ज्याचा एक तुकडा टेबलावर ठेवला.

“मॅडम, हे मशीनमधी टाकून पाहा न जरा.”

“हे नाही बसत. क्यूबच लागतो.”

“क्यूबचा माल मीच कालवला होता. ठेकेदार म्हणे, कॉलेजात जाणार हाय, सिमेंट मोकळ्या हातानं टाक. मले वाटलं, पोरं शिकतात, त्यांच्यासाठी लागत असन. त्याच्यावरून सेंट्रिंग काढतेत, हे मले कोणी सांगतलंच नाही.”

मी त्या साइटची फाइल हळूच खणात सरकवली. भ्यालेच होते.

“ते क्यूब हायेत का अजून?”

फुटलेले क्यूब आम्ही इमारतीमागे टाकतो. मी त्याला तिकडे नेलं. लाल रंगातला नंबर वाचून दाखवला, तसा त्याने तुकडा उचलून नखाने खरवडला. कणही निघेना. मग छज्ज्याचा तुकडा अंगठ्याने चोळला. वाळू भुरभुर त्याच्या पायांवर पडली.

“हा तुमच्यासाठी कालवला होता,” क्यूबचा तुकडा दाखवत तो म्हणाला. “आन् ह्या मालाची घमेली तिनंच डोक्यावर वाहून नेली होती वर.”

मला राहवेना. “आकडा खोटा आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं,” मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“मंग सही काहून केली जी?”

माझ्याजवळ उत्तर एवढंच होतं: त्या दिवशी फार उकडत होतं.