चौकात बांधून घेतलेली राखी

आमच्या गावातलं भांडण ठाण्यापर्यंत जात नाही, याचा गावाला लई गर्व आहे. बांध असो, पाण्याची पाळी असो, सगळं ग्रामपंचायतीसमोरच्या चौकात मिटतं. ठाण्याचे जमादार अधूनमधून येतात, तंटामुक्ती समितीबरोबर बसतात, चहा घेतात आणि सगळं शांत आहे म्हणून परत जातात. मी सरपंच झाले तेव्हा बाईला काय जमतंय म्हणून हसणारे कमी नव्हते. त्यामुळे माझ्या काळात एकही तक्रार गावाबाहेर जाता कामा नये, असा मी हट्टच धरला होता.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतली पोरगी माझ्याकडे आली. अंबाजोगाईच्या कॉलेजात जायची, त्यांच्या घरातून इतकी शिकलेली पहिलीच. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली की गावातलाच एक पोरगा मोटारसायकल आडवी लावायचा, मागं बस म्हणायचा.

"काकू, लई त्रास देतोय," ती म्हणाली. "आप्पाला कळलं तर कॉलेजच बंद व्हईल. मला ठाण्यात घेऊन चला."

बघते, म्हणाले. आणि जमादारांनाच चौकात बोलावून घेतलं.

जमादार म्हणाले, "ताई, केस झाली तर पोराचं वाटोळं आणि पोरीची बदनामी. तुमच्या पातळीवर बघा की." समितीचे अध्यक्ष त्या पोराचे सख्खे चुलते. त्यांनी लगेच मान हलवली. राखीपौर्णिमा जवळ आली होती, तेव्हा पुढची अक्कल मीच पाजळली. पोरीनं त्याला राखी बांधायची, म्हणजे विषय संपला. सगळ्यांना पटलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे आता लिहितानाही लाज वाटते.

दोन्ही घरं चौकात बोलावली. पोरीच्या बापाला सगळा प्रकार तिथंच, लोकांच्या तोंडून कळला. ती राखी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. लाजतेय असं समजून मी म्हणाले, "बांध गं, भाऊच हाय तुझा." तिनं बांधली. त्यानं तिच्या पाया पडून दाखवलं, टाळ्या वाजल्या, जमादारांनी नारळ फोडला. बापानं मान वर केली नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

मग तो पोरगा खरंच भाऊ झाला. वेळी-अवेळी तिच्या घरी जायला लागला. "ताईला मी सोडतो की, एसटीची वाट कशाला बघायची?" असं तिच्या आईसमोर म्हणायचा. आधी फाट्यावरचा चहावाला निदान त्याच्याकडं रागानं बघायचा, आता तोही बघेना. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. बरंय, मिटलं, असंच मी म्हणत राहिले.

दिवाळीनंतर एका सकाळी ती कापूस वेचताना दिसली. एसटीची वेळ होती. आज सुट्टी का, असं मी बांधावरून विचारलं.

"सोडलं कॉलेज," ती म्हणाली. "आप्पा म्हणले, त्याच्या गाडीवर जा न्हाईतर घरी बस. मी घरी बसले."

"मला सांगायचं न्हाई का गं?"

"ठाण्यात गेलते मी, एकलीच. जमादार म्हणले, आता तो भाऊ हाय तुझा, गावानं केलाय. भावावर कसली तक्रार लिहू?"

गावानं नव्हे, मी केला होता. ती ते बोलली नाही. बोलली असती तर मला जरा हलकं तरी वाटलं असतं.

"चल," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाऊ. चूक माझी झाली असं मी सगळ्यांसमोर सांगते."

तिनं ओटीतला कापूस पोत्यात टाकला आणि पुढच्या झाडाला हात घातला.

"काकू," ती म्हणाली, "मी तुमच्याकडं आलते तवा 'चल' म्हणायचं व्हतं."